सणाच्या दोन गोळ्या

भुईगाव, वसई
९ फेब्रुवारी २०२५

सँड्रा,

तुझ्या भावाला घरी आणून आज आठ दिवस झाले. माझ्या एल्रॉयने फोनवर तुला काय काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तुमच्या त्या डोंगरात टेकडी चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि इथे माझ्या बोलण्याला चार कान लागलेले असतात. म्हणून लिहिते आहे. उभा जन्म टीचरकीत गेला, लिहिताना निदान माझी जीभ घसरत नाही.

रॉकीचं लग्न १२ जानेवारीच्या रविवारी झालं. माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाचं लग्न, त्यामुळे शनिवारच्या उंबराच्या पाण्याच्या विधीपासून रविवारच्या जेवणापर्यंत तुझा भाऊ सिप्रियन सगळीकडे पुढे. सोमवारी सकाळी साडेसातला वाडीत केळीचा घड उतरवायला गेला. मी चहा घेऊन गेले तर बांधावर बसलेला, कोयता पायाशी पडलेला, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. माझ्याशी बोलायला गेला, पण ते शब्द नव्हते, नुसता आवाज होता. एल्रॉय कामावर निघाला होता, तो गेटातून परत फिरला. नऊच्या आत आम्ही इस्पितळात होतो. स्कॅन झाला, मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली आहे म्हणाले, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन दिलं. त्याला सही लागते, ती एल्रॉयने केली. मी बाहेर बाकावर रोझरी म्हणत होते.

दुपारी त्याने उजव्या हाताची बोटं हलवली. "मार्था" म्हणाला, अगदी स्पष्ट. मी वेड्यासारखी सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटले. मंगळवारी सकाळी त्याला ओकारी झाली, डोकं धरून कण्हायला लागला. पुन्हा स्कॅन केला तर मेंदूत रक्त उतरलेलं. गुठळी विरघळली आणि तिथेच रक्तस्राव झाला.

आता उजवा हात लोंबतो. पाय ओढत आठ-दहा पावलं टाकतो. शब्द चारच उरले आहेत. हो, नाही, चल आणि मार्था.

इस्पितळाच्या कागदांत रक्ताचा रिपोर्ट होता. वाईट कोलेस्टेरॉल चव्वेचाळीस. मला आधी बरं वाटलं, इतकं कमी म्हणजे चांगलंच असणार. मग एल्रॉयच्या मोबाइलवर शोधलं. ज्यांचं कोलेस्टेरॉल फार कमी असतं त्यांना या इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं.

सात वर्षांपूर्वी तू सुट्टीवर आलीस आणि त्याचं रक्त तपासायला लावलंस. एकशे बहात्तर निघालं तेव्हा घर डोक्यावर घेतलंस. डॉक्टरकडे तूच नेलंस. माझा हात धरून म्हणालीस, वहिनी, रोज रात्री जेवल्यावर एक गोळी, एक दिवस चुकवू नकोस. मी चुकवली नाही. सात वर्षं माझ्या हाताने दिली.

मनात आहे ते लिहून टाकते. तू त्या कोलेस्टेरॉलच्या मागे लागली नसतीस तर आज माझा नवरा बोलत असता. ईस्टरला येणार होतीस ना, येऊ नकोस. तुला दारात बघून मी काय बोलेन याचा मलाच भरवसा नाही.

मार्था

*

धडगाव, जि. नंदुरबार
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मार्था वहिनी,

तुझं पत्र दवाखान्याच्या दारात उभ्याने वाचलं. बाळांना लस टोचायला बायका रांगेत बसल्या होत्या, त्यामुळे रडायची सोय नव्हती. संध्याकाळी चॅपलमध्ये पुन्हा वाचलं.

तू लिहिलंस त्यातलं काहीच खोटं नाही. रक्त मी तपासायला लावलं, डॉक्टरकडे मी नेलं, तुझा हातही मीच धरला. आमच्या बाबांना पंचावन्नाव्या वर्षी झटका आला आणि ते सहा वर्षं खाटेवर होते. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, पाणी पाजायचं काम माझ्याकडे होतं. भाऊच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून मी कटकट केली. तरी आलंच.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला माहीत नाही. त्या सोमवारी इस्पितळातून एल्रॉयने मला फोन केला होता. नेमकी मी औषधं घ्यायला खाली गावात उतरले होते म्हणून लागला. डॉक्टर म्हणतात इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो, नाही दिलं तर हात-पाय आणि वाचा जाण्याची भीती आहे, आत्या मी सही करू का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, कर, विचार करण्यात वेळ घालवू नकोस. तुला हे सांगू नको असंही मीच त्याला बजावलं. तेव्हा माझ्यावर राग धरायचाच असेल तर या सहीसकट धर.

एक मात्र मला उमगत नाही. मागच्या मे महिन्यात मी आले होते तेव्हा भाऊचा रिपोर्ट बघितला होता. साठ होतं. त्याच्या आधीही साठ-पासष्टच असायचं. तीच गोळी, तेच घर, मग चव्वेचाळीस कसं झालं? खाणं कमी झालं होतं का? कुणाच्या सांगण्यावरून काही काढा, दुसरं औषध घेत होता का? त्याला कुणीही काहीही दिलं तर मुकाट घेतो, म्हणून विचारते. आठवून कळव. सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत तेही लिही.

ईस्टरला येत नाही. तू बोलावशील तेव्हा येईन.

सँड्रा

*

भुईगाव
१६ मार्च २०२५

सँड्रा,

उत्तराला उशीर झाला. उपवासकाळ चालू आहे, घरात आजारी माणूस आहे, आणि खरं सांगायचं तर लिहावंसं वाटत नव्हतं.

एल्रॉयला सहीबद्दल विचारलं. म्हणाला, आत्या नाही म्हणाली असती तरी मी केली असती, डॅडींचा हात मला लुळा बघवत नव्हता. सकाळी उठून बापाला आंघोळ घालतो, दाढी करतो, मग विरारला कामावर जातो. ते बघितल्यावर ओरडायला तोंड उघडत नाही माझं.

आर्या नावाची मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. तिच्या थट्टेला सिप्रियन हसतो. आमच्याकडे मात्र नुसता बघत राहतो.

आकडा कसा उतरला ते मला काय माहीत. नर्स तू आहेस, मी टीचर. वय झालं की उतरत असेल. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या चालू आहेत. तू तुझं मिशन सांभाळ, इथली काळजी करू नकोस.

मार्था

*

धडगाव
२ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

चौकशी करून लिहायचं म्हणून थांबले होते. महिन्यातून एकदा आमच्याकडे डॉक्टर तेजस्वी येतात, मेंदूच्या आजारांचं त्यांचं शिक्षण झालं आहे. त्यांच्यासमोर भाऊचे कागद ठेवले, एल्रॉयने मोबाइलवर पाठवलेले. तू वाचलंस त्याबद्दलही विचारलं.

त्या म्हणाल्या, तू वाचलंस ते कुणी रचलेलं नाही. काही ठिकाणी अभ्यास झाले त्यांत कमी कोलेस्टेरॉल आणि रक्तस्राव बरोबर दिसले. दुसऱ्या काही अभ्यासांत तसं दिसलं नाही. बरोबर दिसले म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं होत नाही. मेंदूचा किती भाग दुखावला, ब्लडप्रेशर किती होतं, साखर किती होती, या गोष्टींचा भार त्याहून जास्त असतो. भाऊचं ब्लडप्रेशर त्या दिवशी बरंच चढलेलं होतं. म्हणून कोलेस्टेरॉल कमी आहे एवढ्यावरून इंजेक्शन कुणी अडवत नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. ज्याला गुठळीचा झटका येऊन गेला आहे त्याने कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करायची नाही. दुसरी गुठळी झाली तर आहेत तेवढे शब्दही राहणार नाहीत.

आता मी विचारणार आहे ते तुला आवडणार नाही. मी टेकडीवर जाऊन एल्रॉयशी बोलले. त्याने औषधांचा डबा उघडून बघितला. बाकीची सगळी पाकिटं अर्धी झाली आहेत. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं पाकीट फेब्रुवारीत आणलं तसं आहे, एकही फोडलेली नाही.

तू मला लिहिलंस, चालू आहेत. मला तुझ्याबद्दल कधी खोटेपणाचा संशय आला नव्हता, आजही येत नाही. तुला कसली तरी भीती वाटते आहे. ती कसली, ते मला लिही. एल्रॉयला मी सांगितलं आहे की आईशी तू बोलू नकोस, ती मला लिहील.

सँड्रा

*

भुईगाव
२१ एप्रिल २०२५

प्रिय सँड्रा,

काल ईस्टर झाला. आमच्याकडे भात आणि वरण केलं. एल्रॉय म्हणाला, मम्मी, निदान कोंबडी तरी. मी नाही म्हटलं.

तू विचारलंस म्हणून नव्हे, मला आता हे आत ठेवून जेवण जात नाही म्हणून लिहिते आहे. गुड फ्रायडेच्या आधी पापांची कबुली द्यायला, कुमसाराला बसले तेव्हा फादरना सांगितलं. ते म्हणाले, देवाकडून क्षमा मिळेल, पण हे डॉक्टरांना सांग आणि नवऱ्याला सांग. दोन्ही अजून केलेलं नाही. तुझ्यापासून सुरुवात करते.

सिप्रियनला मी रोज एक गोळी देत होते. सणाला दोन द्यायचे.

हे कधी सुरू झालं ते मला आठवतं. पाच वर्षांपूर्वीचा ईस्टर. मटणाच्या इंद्यालाचा मोठा टोप चुलीवर, त्यावर दोन बोटं तेल तरंगतंय, आणि हा पानावर तिसऱ्यांदा वाढून घेतोय. नको म्हणायला जीव होईना, चाळीस दिवस त्याने मटणाला शिवलं नव्हतं. रात्री गोळी काढताना मनात आलं, एक गोळी रोजच्या जेवणाची, मग आज जे जास्त खाल्लं त्याची कोण बघणार. दुसरी फोडली. त्याने हातावर दोन बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याबरोबर गिळल्या. मग नाताळला, मग चर्चच्या सणाला, मग लग्नांना. माझं डोकं केवढं चालतं याचं मला कौतुक वाटायचं, सँड्रा. महिला मंडळात मी हे सांगितलं. मार्था टीचर करते म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून आणखी चार-पाच घरांत सुरू झालं. अर्धी वाडी एका हातात पोर्क आणि दुसऱ्या हातात गोळी अशी सण करते आहे ती माझ्यामुळे.

या खेपेला चोवीस डिसेंबरपासून लग्नापर्यंत मध्ये एक दिवस साधा गेला नाही. नाताळ, पाहुणे, नवीन वर्ष, मग रॉकीच्या मांडवाची जेवणं. वीस रात्री मी त्याला दोन दोन गोळ्या दिल्या. एकविसाव्या दिवशी सकाळी तो बांधावर बसलेला दिसला.

रिपोर्टवर चव्वेचाळीस वाचलं त्या क्षणी मला कळलं होतं. मोबाइलवर मी शोधलं ते काय झालं हे बघायला नव्हे, माझ्यामुळे झालं नाही असं कुठे लिहिलंय का ते बघायला. तसं कुठे मिळालं नाही, तेव्हा तुझं नाव घेतलं. तू लांब होतीस, उलटून बोलणारी नव्हतीस, आणि गोळी तू आणलीस हे खरं होतं. माझं पाप मी तुझ्या माथी मारलं आणि वर तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं.

पाकीट तसंच आहे, तेही खरं. रात्री डबा उघडते, गोळी काढायला जाते आणि हात पुढे होत नाही. ज्या हाताने दोन दिल्या त्या हाताने एकही द्यायची मला भीती वाटते.

मार्था

*

धडगाव
५ मे २०२५

प्रिय मार्था वहिनी,

खोटं लिहीत नाही. तुझं पत्र वाचून मला राग आला. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आमच्या मदर सुपीरियरनी विचारलं, दात दुखतो का. मी हो म्हणाले.

राग गोळ्यांचा नव्हता. फेब्रुवारीपासून मी रोज झोपताना त्या फोनमधलं माझं "कर" ऐकत होते. दोन गोळ्यांचं तुला माहीत असून तू मला ते ऐकू दिलंस, याचा राग आला. तो आता गेला आहे, कसा गेला ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, मी दिलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिने सगळ्या एकदम घेतल्या होत्या, लवकर बरं वाटावं म्हणून. थोडक्यात वाचली. तिला ओरडायला गेले आणि लक्षात आलं की तिला मी फक्त "रोज एक" एवढंच सांगितलं होतं. एकच का, ते सांगितलं नव्हतं. तुलाही नव्हतं. तुझा हात धरला, पण शाळेत तू पोरांना समजावायचीस तसं तुला मी समजावलं नाही. सात वर्षांत कधी विचारलंही नाही की वहिनी कशी देतेस. तेव्हा या गोळ्यांतली एक माझी आहे असं धर.

तू त्याला विष दिलं नाहीस. त्याला जेवणाचा आनंद मिळावा आणि तो जगावाही, दोन्ही तुला हवं होतं.

आता तीन कामं कर. डॉक्टरकडे जा आणि जे मला लिहिलंस तेच सगळं सांग. मंडळातल्या बायकांना सांग. आणि भाऊला सांग. तो बोलू शकत नसला तरी त्याला कळतं, आर्याच्या थट्टेला हसतो म्हणजे सगळं कळतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी आजच दे असं मी लिहिणार नाही. पण एक दिवसही लांबवू नकोस.

तुझी,
सँड्रा

*

भुईगाव
३० मे २०२५

प्रिय सँड्रा,

तिन्ही कामं झाली. क्रमाने लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सिप्रियनला घेऊन इस्पितळात गेले. एल्रॉयला बाहेर बसायला सांगितलं. माझ्या मुलाच्या वयाचे दिसतात ते डॉक्टर, त्यांच्यासमोर मी विद्यार्थ्यासारखी उभी राहून सगळं बोलले. दोन गोळ्या, वीस रात्री, आणि नंतर तीन महिने एकही नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. रक्त काढलं. रिपोर्ट आला तर एकशे एकसष्ट. म्हणाले, बघा टीचर, ही गोळी शरीरात साठून राहत नाही. बंद केली की दोन-तीन आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे चढतो.

मी विचारलं, दोन गोळ्यांमुळे रक्तस्राव झाला का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, गोळी दुप्पट केली म्हणून कोलेस्टेरॉल दुपटीने उतरत नाही, थोडंसं उतरतं. मोठ्या आजारपणातही ते आपोआप खाली येतं. इंजेक्शननंतर काही जणांना रक्तस्राव होतोच, ज्यांनी कधी गोळी बघितली नाही त्यांनाही होतो. ब्लडप्रेशर जास्त होतं, ते मला मोठं कारण वाटतं. पण तुमच्या गोळ्यांचा काहीच संबंध नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. मी म्हटलं, म्हणजे मला हे कधीच कळणार नाही? ते म्हणाले, नाही कळणार. मला त्यांचा राग आला नाही. स्कॅन चांगला आला आहे, मेंदूतलं रक्त विरून गेलं आहे. त्यांनी कमी ताकदीची गोळी लिहून दिली, रोज एक, सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा बघायचं. एक का, तेही समजावलं.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मंडळाच्या सभेत उभी राहिले. मी शिकवलेलं चुकीचं होतं, सणाला दोन गोळ्या कुणी देऊ नका, आणि माझं ऐकून बंदही करू नका, डॉक्टरला विचारा, असं सांगितलं. घरी येताना दोघी माझ्याबरोबर गेटापर्यंत चालत आल्या, त्यातली एक रडत होती. तिचा नवरा ठणठणीत आहे.

सिप्रियनला सांगायचं तेवढं राहिलं होतं. परवा दुपारी सांगितलं. तो ओट्यावर खुर्चीत होता, मी पायरीवर बसले, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये. सुरुवात केली ती थांबलेच नाही. ईस्टर, नाताळ, रॉकीचं लग्न, तुला लिहिलेलं पत्र, सगळं. शेवटी म्हणाले, मी तुझी अशी दशा केली असेन, सिप्रियन, आणि केली की नाही हे देवाशिवाय कुणाला माहीत नाही.

त्याने डाव्या हाताने माझा खांदा हलवला. खिडकीकडे बोट केलं, खिडकीखालच्या केळींकडे केलं. ओठ जुळवत होता, जुळत नव्हते, घाम आला त्याला. आणि म्हणाला, "टाकल्या."

मला कळेना. त्याने हाताची मूठ केली, ती खिडकीबाहेर उघडल्यासारखी उघडली. "टाकल्या" पुन्हा. मी विचारलं, गोळ्या? हो. लग्नाच्या वेळच्या? हो. एक टाकायचास आणि एक घ्यायचास? नाही. दोन बोटं वर केली. दोन्ही? हो. रोज रात्री? हो, हो.

सँड्रा, मी त्या पायरीवर अर्धा तास रडले. वीस रात्री त्याने माझ्या गोळ्या केळीत फेकल्या होत्या. माझ्या हातून काही झालंच नव्हतं. तो माझ्या डोक्यावर थोपटत होता, गुराला थोपटतात तसा, जोरात. त्या दिवशी चार महिन्यांनी मला भूक लागली. एल्रॉयला बोंबील आणायला पाठवलं.

काल सकाळी भांडी घासताना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. गोळी बंद केली की दोन-तीन आठवड्यांत आकडा वर चढतो. वीस दिवस त्याने एकही गोळी घेतली नसती, तर त्या सोमवारी रक्तात दीडशे-एकशे साठ निघालं असतं. चव्वेचाळीस नाही. हातातलं भांडं तसंच धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. त्याने सगळ्या घेतल्या होत्या. दोन दोन, वीस रात्री, मी दिल्या तशा.

एकेचाळीस वर्षांत या माणसाला एक थाप धड मारता आली नाही. दारू पिऊन आला की दारातच सांगायचा, मार्था, मी प्यायलो नाही. आणि आता, बारा-पंधरा शब्द परत मिळाले आहेत तर त्यातला एक त्याने यासाठी खर्चला. तो शब्द जुळवायला त्याला घाम आला होता.

मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू नर्स आहेस, तुला हे एका झटक्यात कळलं असतं, म्हणून आधीच लिहून ठेवते. ये, सँड्रा, सुट्टी मिळेल तेव्हा ये, मला तुझ्या पाया पडायचं आहे आणि तू पडू देणार नाहीस ते मला माहीत आहे. पण त्याच्यासमोर गोळ्यांचा विषय निघाला तर तू मान डोलाव. म्हण, बरं केलंस भाऊ टाकल्यास ते.

इस्पितळातून आल्यापासून नवी गोळी एल्रॉय देत होता, काल रात्री जेवण झाल्यावर डबा मी उघडला. नवीन पाकिटातली एक गोळी फोडून त्याच्या डाव्या हातावर ठेवली. त्याने पाण्याबरोबर गिळली. मग वाकडं तोंड मोठं उघडून, जीभ वर करून मला दाखवलं, टाकली नाही, घेतली म्हणून. मी दिव्याखाली त्याचं तोंड नीट बघितलं आणि शाब्बास म्हणाले.

तुझी वहिनी,
मार्था